एकशे तीस

आज उद्यमनगरात वीज नाही.
लेथ गप्प, भट्टी गार,
समोरच्या टपरीत दूध तेवढं उतू चाललंय.
मी बाकावर गोणपाट पसरून
बेसगिटार उताणी झोपवली.

पुण्याहून आलेलं पाकीट फोडलं.
सर्वांत जाड तारेच्या पुडीवर छापलंय एकशे तीस.
टर्नरला हा आकडा कळतो:
इंचाचे हजार भाग करा, त्यातले एकशे तीस.
तरी मायक्रोमीटर लावून बघितला.
जुनी एकशे पाच.
पंचवीस थाऊचा फरक.
एवढ्यावर आमचा अख्खा लॉट परत येतो.

मन्सूरभाई बागवान मार्केट यार्डात केळीचा सौदा बोलायचे
तेव्हा गुळाच्या अडतीवरचे हमाल
रवा खांद्यावर तसाच धरून थांबायचे.
तोच गळा रात्री आमच्या ऑर्केस्ट्राचा.
काळी एक. बावीस वर्षं काळी एक.
पेटीवाल्या लोहारमास्तरांनी सूर कधी विचारलाच नाही.

फाल्गुनात गळ्यातली गाठ काढली.
गाठ साधी निघाली, पेढे वाटले.
आवाज परत आला,
पण जिना उतरून, तीन पायऱ्या,
आणि खालीच बसला.
पहिल्या तालमीला मन्सूरभाईंनी वर हात घातला,
हाताला काही लागलं नाही.
पाणी मागितलं.
मास्तरांनी न बोलता
पेटीवरचं बोट खाली सरकवलं. काळी पाच.

मी तारा सैल केल्या.
सैल तार वाजत नाही,
वाळत घातलेल्या लुंगीसारखी फडफडते.
दोन महिने तशीच वाजवली.
म्हटलं, येईल गळा वर.
डॉक्टर म्हणाले होते, बघू.
त्या एका 'बघू'वर
मी सात कार्यक्रम काढले.

लोकांना वाटतं, जाड तार म्हणजे जास्त ओढ.
पण जाड तार खालच्या सुराला लावली
की मानेवर ताण तेवढाच पडतो
जेवढा बारीक तारेचा वरच्या सुराला.
वजन वाढतं, ओढ तीच.
हे मी गिऱ्हाइकाच्या चलनामागं
दोनदा मांडून पाहिलंय.

अडचण खाचेची आहे.
मानेच्या टोकाला हाडाची पट्टी,
तिच्यात चार खाचा, चारी बारक्या मापाच्या.
एकशे तीस तिथं बसत नाही, वर तरंगते.
कानस लागणार.
आणि हाड घासलं की घासलं.
लोखंड असतं तर वेल्डिंगनं भरून
पुन्हा मापात आणलं असतं.
या रुंद खाचेत जुनी तार आता खडखडणार.
म्हणजे उद्या गळा वर आलाच
तर वर जायला मीच तयार नसेन.

कानस धरून किती वेळ बसलो कुणास ठाऊक.
समोरचा टपरीवाला
करपलेलं पातेलं घासायला बसला.

मग मीही घासलं.
तीन हात, फुंकर. तीन हात, फुंकर.
नख जळाल्यासारखा वास.
तार टाकली, अडली. काढली.
पुन्हा दोन हात.
बसली.
खुंटीला तीन वेढे दिले,
उरलेलं शेपूट पक्कडीनं तोडलं.
मानेतली सळई तपासली, हलवावी लागली नाही.
चलनामागचं गणित बरोबर होतं.

संध्याकाळी मन्सूरभाई आले,
पिशवीत डाग पडलेली केळी.
माझ्याकडं बघितलं, मग पट्टीकडं.
अंगठ्याचं नख खाचेतून फिरवलं,
आयुष्यभर फळांच्या साली तपासलेलं नख.
"कायमचं केलंस व्हय?"
"हां."
काही बोलले नाहीत. एक केळ सोललं,
अर्धं मला दिलं.
मग स्टूल ओढून घेतलं.
बावीस वर्षांत ते बसून गायले नव्हते.

वीज अजून आली नव्हती, अँप मुका.
मी एकशे तीस छेडली.
आवाज असा आलाच नाही,
बाकाला लावलेल्या व्हाइसचा सैल दांडा
तेवढा थरथरला.
मन्सूरभाईंनी त्याच्यावर तळहात ठेवला.
"हितनं धरतो," म्हणाले.