दोन छेद पाच

मीरगुलचा फोन जिरेनियमच्या कुंडीला टेकवून ठेवला
आणि तास घेतला : अपूर्णांकांची बेरीज, इयत्ता पाचवी.
आता रात्र आहे. नारीनच्या खोऱ्यात उणे बावीस.
शेगडीत कोळसा धुमसतोय, असान सफरचंद सोलतोय,
आणि टेबलावर, तळहाताएवढ्या चौकोनात,
एक बाई माझा राखाडी स्वेटर घालून
माझ्या मुलांना शिकवते आहे.

नाही आवडला मला तिचा आवाज.
प्रत्येक वाक्याच्या शेपटाला "कळलं?"
आणि कुणी काही म्हणायच्या आत पुढचं वाक्य.
एकतीस वर्षं मला वाटत होतं
मी प्रश्न विचारते.

मीरगुल म्हणाली होती, एजेके, एकदाच बघून सोडू नका,
पहिल्यांदा नुसते केस दिसतात.
खरंच. पहिल्यांदा केसच दिसले.
आणि खडूनं माखलेलं कोपर.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघितलं.
खुंट्याला बांधलेल्या शेळीसारखी मी,
फळा, टेबल, फळा.
दोराची लांबी दुसऱ्या बाकापर्यंत.
"खिडकीपाशी बसलीय ती कोण?" असाननं विचारलं.
आइदाय, मी म्हणाले.
नाव घ्यायला मला जरा उशीरच झाला.
तिचा हात तीनदा वर गेला होता.
तिसऱ्यांदा अर्ध्यातच वळला,
जणू वेणी सारखी करायलाच उचलला होता.

मग घड्याळ घेऊन बसले.
प्रश्न. एक सेकंद. माझंच उत्तर.
प्रश्न. एक सेकंद. माझंच उत्तर.
कपात चहा ओततानासुद्धा
मी याहून जास्त थांबते.

आणि मग ते.
एक छेद दोन अधिक एक छेद तीन?
एर्मेक उठला. दोन छेद पाच.
चूक. बस.
मी पाठ फिरवली, फळ्यावर छेद समान करायला लागले.

पाठीला ऐकू येत नाही. कुंडीला आलं.
कुंडीच्या शेजारीच त्याचं बाक. हळूच सांगतोय कुणाला तरी :
"आमच्या दोन घोड्यांतला एक पांढरा.
मामाच्या तीनपैकी एक पांढरा.
सगळे एका कुरणात सोडले
तर पाचांत दोन. मोज ना."
शेजारचा बोटांवर मोजतो.
बरोबर होतं.

पाच वेळा मागे नेऊन ऐकलं.
असानची सुरी थांबली.
त्याची अर्धी हयात जनावरांमागे गेली.
"बरोबर आहे की पोराचं."
आहे. आणि नाहीही.
भाकरी असती तर नसतं.
"मग तू काय सांगितलंस त्याला?"

बस म्हणाले.

सीमेपलीकडे माल नेणारा एक ट्रकवाला
रस्त्यात मी दिसले की ब्रेक मारतो,
खाली उतरून, टोपी काढून, तब्येत विचारतो.
सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता.
त्याला मी काय काय चूक म्हणाले असेन?
तेव्हा कुंडी होती. फोन नव्हता.
फळा रोज पुसला जायचा,
आणि मी त्याला स्वच्छता म्हणायचे.

सकाळी फळ्यावर पाच घोडे काढले.
वाईट काढले, दोन तर कुत्र्यांसारखे दिसत होते.
एर्मेक, काल तू शेजाऱ्याला सांगितलंस
ते आम्हालाही सांग.
तो उभा राहिला. चेहरा असा,
की कुणी चुगली केली याचाच आधी हिशेब.
मी थांबले.
एक. दोन. तीन.
जिभेवर "कळलं?" येऊन बसला होता, गिळला.
चार.
शेगडीत काहीतरी तडकलं.
पाच, सहा. वर्गातली शांतता इतकी जड असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सात.
एर्मेकनं खांदे उडवले आणि खाली बसला.

आणि खिडकीपाशी, हातबित वर न करता :
"एजेके, याच्या मामाकडे तर चार घोडे आहेत."

वर्ग फुटला. एर्मेक बाकावरच चढला :
चौथा विकला, कधीच विकला!
एकाला कळलं नाही, विकलेला पांढरा होता का.
आता छेदात काय लिहायचं, यावरून
मागच्या बाकावर भांडण लागलं.

मधल्या सुट्टीत मीरगुलनं विचारलं, आज केलंत रेकॉर्ड?
फोन माझ्या पर्समध्येच होता.