उरलेलं तेल

मुन्नर साहनी म्हणाला, आज भाव विचारू नका.
एरवी दोनशे, आज तीन हजार माणशी,
आणि तेही ओळख आहे म्हणून.
इंजिनाचे हप्ते आहेत, म्हणाला.
देव वर्षातून एकदाच उतरतात आंघोळीला,
बँकेचा माणूस दर पाच तारखेला उतरतो.

मी निमूट फळीवर बसलो.
कार्तिकातली थंडी लाकडातून वर चढत होती.

गाय घाटावर दुपारपासून
त्याची पुतणी रजवंती वाती भिजवत होती.
समितीनं मोजून दिलेलं सगळं :
अकराशे पणत्या, मोहरीच्या तेलाचे चार डबे,
काडेपेटी मात्र एकच,
जणू आग ही खर्चात धरायची गोष्टच नव्हे.
पुराचा गाळ तिनंच काढला होता आठवडाभर,
आधी पाइपनं, मग खराट्यानं, सांदीतला नखांनी.
तरी खालच्या पायऱ्या ओल्या होत्याच.
तिथे ती आधी चुलीतली राख पसरायची,
मग पणती,
मग दोन बोटं मागे सरकून बघायची
सरळ रेषेत आहे का.

अंधार पडला.
कुणीतरी खांबावरचे दिवे बंद केले
आणि नदीचा अख्खा डावा काठ
एखादं पोर ओळीवर बोट ठेवून वाचतं तसा
अक्षर अक्षर उजळत गेला,
कुठे अडखळत, कुठे दोन ओळी गाळून.

होडीला होडी घासत होती.
कुणाचा तरी ड्रोन माशीसारखा कानाशी.
माइकवरून आकडा आला, इतके लाख,
शेजारच्या बजड्यावर टाळ्या,
एक बाई म्हणाली, मागच्या वर्षीपेक्षा जास्त ना?

मुन्नरनं मान वर केली नाही.
इंजिन बंद केलं.
खाली बघा, म्हणाला. वर काय, सगळेच बघतात.
या घाटाला पाण्याखाली अजून चौदा पायऱ्या आहेत.
माझ्या भावाला पाठ होत्या, पायांनी.
बुडी मारून नाणी काढायचा लोकांनी वाहिलेली.
एकदा चौदा मोजल्या
आणि पंधरावी बघतो म्हणाला.

एवढंच.
मग त्यानं दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा तशीच मारली.

मी खाली पाहिलं.
अकराशे ज्योती डोक्यावर उभ्या राहून
पाण्यात उतरत होत्या,
पायरीखाली पायरी, पायरीखाली पायरी.
मोजायचा प्रयत्न केला, नवव्याला लाट आली.
वर घाटावर रजवंती एकदाही बसली नव्हती.
विझलेली प्रत्येक वात
ती शेजारणीच्या ज्योतीवर पेटवत होती,
पाण्याला सगळ्यात जवळची आधी.

पहाटे पुन्हा गेलो. मुद्दाम नाही, झोप नव्हती.
घाटभर काजळी, चेंगरलेला झेंडू,
आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेतलेली पोरं
पणतीपणतीतून थेंब थेंब ओतून घेणारी.
पळा, पळा, एक शिपाई ओरडला,
पण स्वतः जागचा हलला नाही.
रजवंती ओढणीच्या टोकातून तेल गाळत होती.
ओढणीवर राहिले वातीचे तुकडे, पाखरांचे पंख.
दीड बाटली भरली.
याचा आकडा सांगायला माइक नव्हता.

घाटामागच्या बोळात तिनं कढई चढवली.
बसा बाबूजी, म्हणाली, देवांचं उष्टं आहे.
मी म्हटलं, जरा जळकं लागतंय.
लागणारच, ती म्हणाली, रात्रभर जागलंय ते.

पण त्याआधी,
पहिली पुरी झाऱ्यावरच निथळवून
ती पायऱ्या उतरून गेली होती,
शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत,
आणि आणखी एक.
तिथून तिनं ती पाण्यावर ठेवली, सोडली नाही, ठेवली,
पणती ठेवतात तशी, सरळ रेषेत.

टम्म फुगलेली पुरी
बराच वेळ तिथल्या तिथे फिरत राहिली.
मग मी कढईकडे बघत होतो
तेवढ्यात.