डोंगल

साखर पेठेत, जिन्याखालच्या खोलीत
राजेशम बोद्धूल अजून त्याच कॉम्प्युटरवर लग्नं कापतात
ज्याला इंटरनेट लावायचं नाही, असा घरात नियम आहे.
'अपडेट येतं बे त्यातनं,' म्हणतात,
उघड्या खिडकीतनं डास यावेत तसं.

मागं, भिंतीला टेकलेलं निळं डोंगल.
दर खंडेनवमीला त्याला कुंकवाचं बोट.
एका वर्षी कुंकू आत गेलं,
दोन दिवस सॉफ्टवेअर उठलं नाही
आणि काका जेवले नाहीत.

रेंडर किती वेळ चालेल, हे घड्याळावर नाही सांगत ते.
उंबऱ्यात काकू विड्या वळत बसलेल्या असतात.
हळद म्हणजे दोनशे विड्या.
अख्खं लग्न, वरातीसकट,
हजाराचा माल कारखान्यात जाऊन येतो
तरी पट्टी एक्क्याऐंशी टक्क्यांवर.

समोर, लाँड्रीच्या वर, इरण्णा हत्तुरे.
त्याचं सॉफ्टवेअर वेगळं.
सुरुवात दोघांची एकाच व्हीएचएसवर,
कॅमेरा एक, खांदे दोन, आळीपाळीनं.
आता बोलणं गिऱ्हाइकामार्फत.
'त्यांना सांग, एमओव्ही माझ्याकडं उघडत नाही.'
'त्यांना सांग, एव्हीआय म्हणजे बैलगाडी.'
मधे नवरीचा भाऊ, हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून
रस्ता ओलांडतोय, मे महिन्यात, दुपारी दोनला,
तिसऱ्यांदा.

मी दोघांकडं शिकलो.
सकाळी कापायला एक बटण, संध्याकाळी दुसरं.
रात्री कडक भाकरी मोडतानाही
बोटं क्षणभर थांबायची, कुठल्या दुकानात आहोत म्हणून.

काकांच्या वडिलांचा हातमाग होता.
जकार्डचे भोकं पाडलेले पत्ते, दोऱ्यानं ओवलेले,
अजून माळ्यावर आहेत. मोराची चादर.
दुसऱ्या कुठल्या मागाला ते बसत नाहीत.
पॉवरलूम आला तेव्हा म्हातारा म्हणाला होता म्हणे,
त्यात मोराची मान मोडते.
मी पाहिलीय पॉवरलूमवरची चादर.
मोर ठीक होता.
काकांना हे सांगायचं राहून गेलंय, सात वर्षं.

मग गड्ड्याच्या दिवसांत इरण्णाच्या भाग्यश्रीचं लग्न ठरलं.
तिला स्वतःचं बारसं हवं होतं, पडद्यावर, जेवणावळीच्या आधी.
बारसं काकांनी कापलेलं. कॅसेटला बुरशी.
उरलं ते ह्या एकाच डबड्यात,
ह्या एकाच डोंगलवर उघडणारं.

मला पाठवलं. काका म्हणाले, 'देतो. एव्हीआयमध्ये.'
मी रस्ता ओलांडला.
इरण्णा म्हणाला, 'एमओव्हीत आण.'
मी रस्ता ओलांडला.
कन्व्हर्ट करायला दोन मिनिटं लागली असती,
माझ्या फोनवरसुद्धा.
तसं बोललो तर दोघांनीही, दोन दुकानांत,
माझ्याकडं एकाच नजरेनं बघितलं.

संध्याकाळी इरण्णा स्वतः आला.
एका हातात ट्रायपॉड, दुसऱ्यात कॅमेरा,
काकूंनी सुपाची बाजू ओढून वाट दिली.
एक शब्द नाही. मॉनिटरसमोर पाय रोवले,
काकांनी उठून ट्यूबलाइट घालवली.

पडद्यावर पाळणा. ह्याच दोघांचा आवाज कॅमेऱ्यामागं,
'अरे, डावीकडं घे, डावीकडं,'
आणि इरण्णाची बायको, जिवंत, कानात कुर्र करताना
हसू आवरत नाही तिला.
बाहेर लाँड्रीवाल्यानं कपडे मोजणंसुद्धा थांबवलं होतं की काय,
इतकं सामसूम.

अकरा मिनिटं. इरण्णानं कॅमेऱ्यातनं डोळा काढला नाही.
संपल्यावर तसाच वाकून म्हणाला,
'तुझ्या मॉनिटरला लाल जास्त आहे.'

'कुंकू असेल,' काका म्हणाले.