नावाला कुलूप

त्या रात्रपाळीत मी दोनशे अकरा नंबरच्या खुर्चीवर होते,
क्युबाओ, केझॉन सिटी, सातवा मजला.
एसी इतका गार की स्वेटर कंपनीच देते
आणि पगारातून कापते.
फोनवर माझं नाव रेचल.
रोवेना दिमाकुलांगन गिऱ्हाइकाला झेपत नाही,
असं प्रशिक्षणातच सांगितलं होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी एक माणूस बोलला.
मी ह्यू मॅकस्किमिंग, इन्व्हरकार्गिल, न्यूझीलंड.
माझं एक डोमेन आहे तुमच्याकडे, सत्तावीस वर्षांपासून,
तीन अक्षरांचं: इना.
आमच्या तागालोगमध्ये इना म्हणजे आई.
मी हसले. हसायला नको होतं,
कारण तो म्हणाला, बायको माझी. मंगळवारी गेली.

विचारायचे प्रश्न तीन.
जन्मतारीख त्याने सांगितली.
आईचं माहेरचं नाव सांगितलं, प्रिंगल.
कार्डाचे शेवटचे चार आकडे मात्र सापडेनात.
कागद सगळे तिच्या कपाटात, म्हणाला,
आणि कपाट उघडवत नाही.
मागे किटलीची शिट्टी वाजत होती. किटली खरी असावी.
पडद्यावरचं घड्याळ हिरव्याचं पिवळं झालं,
सहा मिनिटांवर गेलं की तांबडं होतं
आणि टेओडोरो सर खुर्चीमागे येऊन उभे राहतात,
काही न बोलता.

नावाला कुलूप होतं.
नावालाच होतं.
एका चौकटीतली खूण मी काढली,
इमेलचा पत्ता बदलला, नवा पासवर्ड पाठवला.
पाच मिनिटं बावन्न सेकंद.
त्याने मला पाच तारे दिले.
महिनाअखेर त्या ताऱ्यांवर तळलेल्या कोंबडीचं कूपन मिळालं.
आम्ही चौघींनी खाल्ली. हाडंसुद्धा चोखली.

एकोणीस दिवसांनी खऱ्या ह्यूचा अर्ज आला,
सार्वजनिक वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरून,
कारण त्याचं टपालही त्याच नावावर चालायचं.
इना खरंच गेली होती. मंगळवारीच.
गावच्या पेपरात निधनवार्ता होती,
आणि प्रिंगलांची वंशावळ त्याने स्वतःच
साइटवर मांडून ठेवली होती,
भरती-ओहोटीच्या कोष्टकांखाली, पणजीच्या फोटोसकट.

उत्तराचा मसुदा ठरलेला असतो. तोच पाठवला:
नोंदलेल्या इमेलवरून मालकी सिद्ध करा.
नोंदलेला इमेल म्हणजे
मी चोराला करून दिलेला.
त्याने पुन्हा लिहिलं. मी पुन्हा तोच पाठवला.

तिसऱ्या पत्रात त्याने नाव मागितलंच नाही.
कोष्टकं राहू द्या, लिहिलं,
ब्लफच्या कोळ्यांनी दुसरी शोधलीत.
आमची मुलगी ॲबर्डीनहून दर रविवारी लिहायची,
आईच्या पत्त्यावर, तो आम्हा दोघांचा होता.
आई गेली म्हणून तिने लिहिणं सोडलं,
असं मी समजत होतो.
तिची पत्रं आता कोण वाचतं,
एवढंच कळवाल का?

ह्याचा मसुदा आमच्याकडे नव्हता.

मी नाव शोधलं. आमच्याकडून दुसऱ्या कंपनीत,
दुसरीकडून तिसरीत गेलेलं,
जिला दार नाही, फोन नाही, फक्त टपालपेटी.
पानावर पांढरी पाटी: इना विक्रीला आहे.
आमच्या भाषेत वाचून पाहा.

नियम मोडून मी दोन ओळी लिहिल्या:
मुलीला फोन करा.
पत्रं थांबली नसतील.
तिसरी ओळ, ते नाव मीच दिलं, लिहिली
आणि पुसली. पुन्हा लिहिली, तेव्हा टेओडोरो सर
कॉफी घेऊन येताना दिसले.

उत्तर दोन ओळींचंच आलं.
केला फोन. दर रविवारी लिहीत होती,
मी गप्प का, म्हणून रागावली होती.
आणि खाली: आभारी आहे, रेचल.
स्पेलिंग अगदी बरोबर.