पाहुण्यांसाठी, एक पान

मारेन म्हणाली, एकच पान लिही,
मुद्द्याचं तेवढंच. पाहुणे बर्गनहून येणार, गॉलवेहून येणार,
बेट म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे.
असेल. पण प्रत्येक बेटाचं कुलूप वेगळं.

तर. स्प्लिटहून बोट अडीचला सुटते.
अडीच म्हणजे अडीच. आमच्याकडे एवढी एकच गोष्ट वेळेवर,
आणि तीही निघतानाच.
धक्क्यावर येर्को असेल, तीनचाकी घेऊन.
हातात पाटी नसेल, त्याला पाटी आवडत नाही.
तो तुम्हाला ओळखेल, इथे नवा चेहरा लपत नाही.
पैसे त्याच्या हातावर ठेवू नका, रागावतो.
सीटवर विसरल्यासारखे ठेवा.

रोख आणा. गावात एटीएम एक,
शनिवारी दुपारी रिकामं होतं
आणि मंगळवारपर्यंत तसंच राहतं.

उंच टाचा घरीच बऱ्या. चर्चपासून खाडीपर्यंत
दोनशे अकरा पायऱ्या, चुनखडीच्या,
पावलांनी झिजून साबणाच्या वडीसारख्या झालेल्या.
नवरीसुद्धा कापडी बुटांत उतरणार आहे.
तिच्या आईला हे माझ्याकडून कळलं असं सांगू नका.

पाणी जपून.
नदी नाही, विहीर नाही, आहे ते छपरावरचं,
हिवाळ्यात टाकीत उतरलेलं.
चौसष्ट माणसं दिवसातून दोनदा आंघोळीला गेली
तर रविवारी माझे टोमॅटो माना टाकतील.
समुद्रात डुंबा हवं तेवढं.
खडकांवर काळी काटेरी बोंडं दिसतील, जिवंत असतात ती.
पाय पडलाच तर ओरडा, लूत्सा येईल
ऑलिव्हचं तेल आणि सुई घेऊन.
ती नर्स नाही. तिने अर्ध्या गावाचे तळवे पाहिलेत.

हवामानाचं नको, मारेन म्हणाली, लोक घाबरतात.
लिहिते.
उत्तरेचा बुरा आला तर बरं,
आभाळ घासूनपुसून ठेवतो, दोन दिवसांत जातो.
फक्त खुर्च्या बांधाव्या लागतात.
दक्षिणेचा युगो मात्र आधी डोक्यात शिरतो.
शहाणी माणसं मिठावरून भांडायला लागली
की समजावं, उद्या बोट नाही.

माझ्या लग्नात युगो होता.
पाद्री पलीकडच्या बेटावर, फ्राने त्याला आणायला गेला
आणि तिथेच अडकला.
इकडे कोकरू सळईवर फिरत होतं, त्याला थांब कोण म्हणणार?
आम्ही जेवलो. बाबांनी भाषण केलं,
रिकाम्या खुर्चीकडे बघून पेला उचलला.
मी नाचले, सासऱ्यांबरोबर, दिरांबरोबर, पोस्टमनबरोबर.
तिसऱ्या दिवशी फ्राने आला, भिजलेला, दाढी वाढलेला,
दारातूनच म्हणाला, काही उरलंय का?
पाव उरला होता.
तेवढ्यावर एकेचाळीस वर्षं झाली.

म्हणून परतीचं तिकीट सोमवारचं काढू नका.
बुधवारचं काढा.

आणखी एक. खुर्च्या मांडल्यात ते जाळी वाळवायचं अंगण.
फरशीत लोखंडी कड्या आहेत, पाय अडखळेल, बघून चाला.
उपटून टाकायच्या का, असं मारेनने विचारलं होतं,
मी नाही म्हणाले, तिने पुन्हा विचारलं नाही. चांगली मुलगी आहे.
तिसऱ्या कडीला फ्रानेची होडी असायची.
शेवटच्या रांगेत, कडेला येते ती.
तिथे मोजणीपेक्षा एक खुर्ची जास्त दिसेल. चुकून ठेवलेली नाही.
कोणी दमलं तर खुशाल बसा,
तो फार बोलणारा माणूस नव्हता.

पान संपलं, हे मागच्या बाजूला लिहितेय.
किल्ली कुंडीखाली असते.
निळ्या कुंडीखाली बघू नका, ती मांजरीची आहे.
आणि पाव मी सहा दिवसांचा भाजणार आहे,
वारा कुठूनही येवो.

पेरिना