दुसरा पॅड

मोयदूच्या दुकानात अजून एक डबा टीव्ही आहे,
पाठीला पोक आलेला.
घरच्या भिंतीवरच्या सपाट टीव्हीला ही मशीन ओळखूच येत नाही,
म्हणून गुदैबियाहून पिशवीत घालून आणली
बाब अल बहरैनच्या मागच्या गल्लीत,
जिथे घड्याळांचे पट्टे आणि रिमोट
एकाच दोरीला लोंबतात.

कॅसेटच्या दातांत फुंकर मारली.
मोयदू म्हणाला, फुंकू नका, गंज चढतो.
म्हणजे लहानपणभर आम्ही गंजच फुंकला.

पडदा निळा झाला, मग आले सहा जण.
खरे पैलवान, खरी नावं,
खोक्यावर तसा शिक्काच होता कंपनीचा.
अब्बा म्हणायचे, टीव्हीवरची कुस्ती ठरवून असते,
पण हिला तर लायसन आहे!

लायसनवाले दंड, बोटभर.
तोंडाच्या जागी चार ठिपके.
मला आठवत होती ती गरजणारी गर्दी
एकच माणूस निघाली, चाळीस वेळा छापलेला.
पंच कुठेच नाही.
आकडे आपले आपण उमटायचे, हवेत.

जानेवारी एक्क्याण्णव.
काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या, दाराखाली ओला टॉवेल,
अम्मी बॅगेवर बसलेली, मांडीत पासपोर्ट.
भोंगा झाला की सगळे आतल्या खोलीत
आणि आतल्याच खोलीत टीव्ही.
पहिला पॅड माझा, दुसरा अब्बांचा.
ड्रायडॉकवर दिवसभर साखळ्या ओढणारा माणूस
माझ्या ठिपक्यांखाली उताणा पडायचा.
एक.
अंगठा पांढरा होईस्तोवर दाबायचे बटण.
दोन.
ओठ दातांत.
तीन, आणि मी पलंगावर नाचायचे,
अम्मी म्हणायची, हळू गो, खालच्या भाभीचं बाळ झोपलंय,
जशी काही त्या रात्री
आवाज करणारी मी एकटीच होते.

मला वाटायचं, नाटक करतात.
पुढे सगळ्यांना हेच सांगत आले,
युद्धात माझा बाप रोज रात्री मुद्दाम हरायचा.
लग्न ठरताना इम्तियाजलाही सांगितलं. त्याचे डोळे भरले.
मी ते मोजून ठेवलं होतं.

आज मोयदूने दुसरा पॅड घेतला.
पडला उताणा. उठेना.
बटण मेलंय हो हे, म्हणाला, कधीचंच,
आणि चार स्क्रू काढून पॅड उघडला.
रबराखाली जांभळी खपली.
नखाने खरवडून वास घेतला:
व्हिमटो.

माझे कान तापले.
त्याच्या आधीचा रमझान. कलंडलेला पेला.
फ्रॉकने पुसून
चतईच्या पलीकडे, अब्बांच्या बाजूला
गुपचूप सरकवलेला पॅड.

खेडला फोन लावला तिथूनच.
मागे कुणीतरी करवत चालवत होतं,
दोनदा ओरडून सांगावं लागलं.
मग हसले, खोकले, म्हणाले,
अगो, मना वाटला माजा आंगठाच गेला!
कंपनीच्या डाक्टराला दाखवलेला पण मी.
मलम दिलान त्याने.

म्हणजे तो खराच उठायला बघत होता.
प्रत्येक वेळी.

मोयदूने कानकाडीवर स्पिरिट घेतलं.
कापूस गुलाबी झाला, दुसरा गुलाबी, तिसरा जरा कमी.
पाचशे फिल्स, म्हणाला, आणि अजून ओलं आहे, थांबा.
बाहेर मगरीबची अजान.
मी नाही थांबले.
दुसराच पॅड घेतला.
ठिपक्यांचा एक मोठा माणूस येऊन छातीवर बसला
आणि मी दाबत राहिले, दाबत राहिले.
मोयदू शटर अर्धं ओढून उभा.