दीड स्वर खाली

सेंगा म्हणाली, घसा बसलाय, थंडीने.
किरकॉडीत मे महिना होता.
बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत खिडक्या सताड उघड्या,
आणि तिच्या खुर्चीवर
तीन गुरुवार कुणी बसलं नव्हतं.

शेवटच्या वेळी मी शेजारीच होते.
तिसऱ्या कडव्यात, जिथे नावाडी परतत नाही,
तिथे वर जायचं असतं.
ती गेली.
आवाज पायरीवरच थांबला,
आणि मी वाजवत राहिले, मूर्खासारखी,
रिकाम्या जिन्यावर.

सत्तरीची बाई. बत्तीस वर्षं लिनोलियमच्या कारखान्यात.
तेव्हा साऱ्या गावाला जवसाच्या तेलाचा वास यायचा म्हणे.
मी आले तेव्हा थोडा उरला होता;
स्टेशनवर उतरले, आणि आईची जवसाची चटणी आठवून
या देशात पहिल्यांदा भूक लागली.
हे सांगितलं तेव्हा सेंगा म्हणाली होती,
फरशी खायला आलीस होय इतक्या लांब!

आमच्याकडे गाणाऱ्याला आधी पट्टी विचारतात.
काळी दोन, पांढरी पाच, असेल ती,
गाव विचारावं तितक्या सहज.
मग पेटीवाला सरकतो, तबला बदलतो,
तंबोऱ्याचे कान पिळले जातात.
गळ्याला कुणी म्हणत नाही, तू सरक.
सेंगाचं गाणं मात्र तिच्या आईच्या पट्टीतलं,
आणि आईचा कोट कापून आखूड करत नाहीत,
असा तिचा हिशोब.

वर चढवायला दुकानात कॅपो मिळतो, चाप लावला की झालं.
खाली उतरवायला काही मिळत नाही.
बुधवारी रात्री ओट्याला टेकून
मीच कान पिळले, उलटे.
गिटार मुलाची, ॲबर्डीनला जाताना माळ्यावर टाकून गेलेला.
आधी जाड तारा घातल्या,
पातळ तारा ढिल्या केल्या की पडद्यांवर झणझणतात.
एक उतरवली की मान सैल पडते आणि बाकीच्या चढतात,
घरात एकाने आवाज खाली केल्यावर होतं तसंच.
आणि हव्या त्या सुरावर थेट थांबायचं नाही.
त्याच्याही खाली जायचं,
मग किंचित वर यायचं,
तरच रात्रभर टिकतं.

गुरुवारी तिच्या दारात उभी राहिले.
म्हटलं, क्लबात आज वाढदिवस आहे कुणाचातरी, गोंगाट. इथे वाजवू?
तिने केटल लावली. घसा, म्हणाली.
तू नुसती ऐक.

पहिलं कडवं तिने खिडकीबाहेर पाहत काढलं.
बंदरात ओहोटी, मचवे चिखलात कलंडलेले.
दुसऱ्यात ओठ हलले.
तिसऱ्यात नावाड्यापाशी आली
आणि वर गेली
आणि तिथे जागा होती.

मी मान उचलली नाही.
असा आवाज तिचा ऐकला नव्हता,
खरबरीत, रुंद,
रात्रपाळी सुटून चालत घरी निघालेला,
दमलेला, पण कसलीच घाई नसलेला.

केटल कधीच बंद पडली होती.
किती उतरवलीस, तिने विचारलं.
एक स्वर.
दीड, ती म्हणाली. गळा गेलाय, कान नाही.

मला तिला सांगायचं होतं
की आमच्यात ताप उतरतो, चेहरा उतरतो,
पण पाहुणाही उतरतो,
पिशवी कोपऱ्यात ठेवून, चार दिवस, आपल्याच घरी.
इंग्रजीत नीट बसेना. अर्ध्यावर सोडून दिलं.

तिने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.
आईला आवडलं नसतं, म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मग, पुन्हा घे. पहिल्यापासून.
आणि ती सहावी बघ आधी,
चढलीये.